तीस ग्रॅम

आमच्या उर्दू शाळेची पहिली घंटा सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी होते. स्टाफरूममध्ये खिडकीजवळच्या टेबलाभोवती आम्ही चौघी बसतो. एक सायन्स शिकवते, एक गणित, एक उर्दू आणि तवारीख. चौथ्या बडी आपा, ज्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत आणि ज्या सगळ्याच विषयांवर बोलतात. पुढे जे लिहिलं आहे ते चौघींचं मिळून आहे. कुणाचं वजन किती आणि कुणाच्या रिपोर्टमध्ये काय निघालं, हे वाचणाऱ्यांनी शोधत बसू नये. सोलापूर तसं लहान गाव आहे.

२०२५ च्या जानेवारीत शाळेत आरोग्य तपासणीचं शिबिर झालं. आमच्यातल्या एकीची तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ निघाली. ६.५ ला मधुमेह म्हणतात, ५.७ च्या खाली असलं तर सुटका. ही बाई दोहोंच्या मध्ये, उंबरठ्यावर. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. गणितवालीने तिथेच कागदावर भागाकार करून दाखवला, ३०.४. आपल्या लोकांत २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. बाकीच्या तिघीही मग गुपचूप काट्यावर चढल्या, आणि उतरल्यावर कुणी कुणाला हसलं नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, "पाच किलो कमी करा, पुढचं पुष्कळ टळेल. सकाळचं ते चहा-खारी बंद. एखादं हाय फायबर सिरियल घेत जा."

कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. मागे रांग मोठी होती.

आता आमचा सकाळचा नाश्ता म्हणजे काय होता, ते आधी सांगायला हवं. तसा तो नव्हताच. फज्रच्या अजानीला उठायचं. सासूबाईंना भाकरी लागते, पोरांना बटर लावलेला पाव, पोरांच्या अब्बांना अंडं नाहीतर रात्रीचा खिमा आणि पराठे. तीन तऱ्हेचे नाश्ते एका गॅसवर. स्वतःसाठी चौथा करणारी बाई आम्ही अजून पाहिलेली नाही. पोराने अर्धा टाकलेला पाव तोंडात, तव्यावरचा शेवटचा तुकडा तोंडात, कढईला लागलेला खिमा पुसून तोंडात. अन्न टाकायचं नाही, गुनाह आहे, हे लहानपणापासून मनावर बसलेलं. शाळेत आल्यावर मग भूक लागली म्हणून चहा, दोन चमचे साखर, आणि बेकरीची खारी. "सकाळपासून काही खाल्लं नाही" हे वाक्य आम्ही रोज म्हणायचो, आणि खरं मानायचो.

सातवीला मुतवाजिन गिजा, म्हणजे समतोल आहार, शिकवताना त्याच आठवड्यात वर्गाला विचारलं की आज सकाळी कोण काय खाऊन आलंय. निम्म्याहून जास्त हात चहा-खारीला, चहा-टोस्टला वर झाले. काही हात कशालाच वर झाले नाहीत. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, आप क्या खाए?" आम्ही फळ्याकडे वळून रेशाच्या, म्हणजे फायबरच्या, फायद्यांतला तिसरा मुद्दा लिहायला घेतला.

तर खरेदी. रविवारी चौघी मिळून मोठ्या दुकानात गेलो. सिरियलची एक अख्खी भिंतच होती. कॉर्नफ्लेक्स, गव्हाचे फ्लेक्स, ओट्स, मसाला ओट्स, म्यूसली, चॉकलेटच्या गोळ्या. शिवाय २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून निघालेले ज्वारी-नाचणीचे फ्लेक्स. प्रत्येक खोक्यावर एक बारीक कमरेची बाई किंवा पळणारा माणूस. बडी आपांनी पहिला प्रश्न विचारला तो फायबरचा नव्हता. "इसमें जिलेटिन-बिलेटिन तो नई ना?" हिरव्या ठिपक्याने ती काळजी मिटवली. जनावराचं काही असतं तर तो ठिपका हिरवा नसता. दुसरी काळजी किमतीची होती. म्यूसलीच्या एका खोक्याच्या पैशांत चार-पाच किलो चांगली मालदांडी ज्वारी आली असती. तरी डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, म्हणून वर्गणी काढून चार वेगवेगळे खोके घेतले आणि सोमवारी ते प्रयोगशाळेत नेले.

नववीच्या मुलांना आम्ही जसं लेबल वाचायला शिकवतो तसं ते आम्ही स्वतः कधी वाचलं नव्हतं. खोक्याची पुढची बाजू जाहिरात असते, मागची बाजू जबानी. घटकांची यादी नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते आधी. कॉर्नफ्लेक्समध्ये पहिली मक्याची भरड, दुसरी साखर. 'फळं आणि मध' असं ठळक लिहिलेल्या म्यूसलीत साखर एकदा साखर म्हणून होती, मग मध म्हणून, मग इन्व्हर्ट सिरप म्हणून, आणि सुकवलेल्या पपईच्या तुकड्यांतही पाक होता. एकाच विद्यार्थ्याने चार नावांनी हजेरी लावावी तसं. वेगवेगळी लिहिली की ती यादीत खाली सरकते. शंभर ग्रॅमला किती साखर, या ओळीवर बोट ठेवलं तेव्हा आकडा वीसच्या पुढे निघाला.

मग फायबरची ओळ. 'हाय फायबर' असं छापायला आपल्याकडे २०१८ पासून नियम आहे. शंभर ग्रॅममध्ये किमान सहा ग्रॅम फायबर हवं. 'फायबरचा स्रोत' म्हणायला तीन ग्रॅम पुरतं. आमच्या चार खोक्यांत साध्या ओट्समध्ये दहा ग्रॅम होतं, म्यूसलीत सातच्या वर, गव्हाच्या फ्लेक्समध्ये जवळपास तेवढंच, आणि कॉर्नफ्लेक्समध्ये तीनसुद्धा नव्हतं. मक्याचं वरचं साल आणि अंकुर काढून टाकून ते बनतात, राहणार काय? तरी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यावरची बाई सगळ्यांत बारीक होती.

पण खरा धडा तराजूने दिला. खोक्यावर तीस ग्रॅमच्या वाढपाचेही आकडे असतात. "तीस ग्रॅमला इतकेच उष्मांक" हे वाचून बरं वाटतं. सायन्सवालीने तराजूच्या एका पारड्यात वजनं ठेवली आणि दुसऱ्यात म्यूसली ओतली. तीस ग्रॅम म्हणजे दोन लहान मुठी. आमच्या घरच्या वाडग्यात आम्ही नेहमीच्या हाताने ओतली ती भरली ऐंशी ग्रॅम. म्हणजे एका नाश्त्यात आम्ही जवळजवळ तिघांचा नाश्ता करणार होतो, आणि वर दूध. उष्मांकांच्या बाबतीत या सगळ्या कोरड्या धान्यांत तसा मोठा फरक नाही. शंभर ग्रॅमला साडेतीनशे ते चारशेच्या आसपास सगळे. फायबर वजन उतरवत नाही. पोट लवकर भरल्यासारखं वाटतं, ते उशिरा रिकामं होतं, म्हणून माणूस पुढचं कमी खातो. पुढचं कमी खाल्लंच नाही, तर फायबर काय करणार?

पहिला आठवडा कॉर्नफ्लेक्स संपवण्यात गेला, पैसे घातले होते म्हणून. आपल्याकडे दूध गरमच घेतात. गरम दुधात त्या पापड्या चमचा उचलेपर्यंत लगदा होतात. एकीच्या घरी पोरांच्या अब्बांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "क्या गे, दूध में कागद भिगो को खा रई क्या?" अमेरिकेत मिशिगनमधल्या बॅटल क्रीक गावी केलॉग बंधूंनी १८९४ मध्ये धान्याच्या पापड्या पहिल्यांदा लाटल्या, त्या आरोग्यधामातल्या रोग्यांना पचायला हलक्या म्हणून. साखर वगैरे पुढची गोष्ट. पण पचायला हलकं म्हणजे लवकर भूक. तिसऱ्या तासाला आमच्या पोटात कावळे ओरडायला लागायचे, आणि खारीचा डबा तर टेबलावरच.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही उलट्या टोकाला गेलो. गव्हाचा कोंडा विकत आणला. बडी आपांनी वर इसबगोल सुचवलं. हा शब्द फारसी आहे. अस्प म्हणजे घोडा आणि गोल म्हणजे कान. बी घोड्याच्या कानासारखं दिसतं म्हणून. हे उर्दूवालीने मोठ्या ऐटीत सांगितलं, आणि कोंडा व इसबगोल दोन्ही एकदम दुधात घालून चौघींनी घेतलं. पाणी मात्र नेहमीइतकंच, म्हणजे जवळजवळ नाहीच, कारण शाळेतल्या बाथरूमला कुलूप असतं आणि किल्ली शिपायाकडे. पुढचे दोन दिवस कसे गेले, ते लिहिण्यासारखं नाही. एकीला आठवीचा तास अर्धा सोडून यावं लागलं. फायबर वाढवायचं तर हळूहळू, आठवड्याला थोडं थोडं, आणि त्याच्याबरोबर पाणी, हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. ते आम्ही शिकवतो.

मग मार्चमध्ये रमजान आला. रमजानमध्ये वजन उतरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी इफ्तारीनंतर आमच्या विजापूर वेशीत एक चक्कर मारावी. सहरीला काय खावं म्हणजे दुपारी जोहरपर्यंत तरी आधार राहील, हा प्रश्न दरवर्षीचा. उर्दूवालीने तल्बीना काढला. जवाच्या पिठाची दुधातली पातळ लापशी. आजाऱ्याला आणि दुःखी माणसाला ती द्यावी असं हजरत आयेशांच्या रिवायतीत आहे, बुखारी शरीफमध्ये. त्याच बुखारी शरीफमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर आम्ही आधी कधी थांबलो नव्हतो. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या घरी पिठाची चाळणी नव्हती. जव दळायचे, फुंकर मारायची, उडेल ते उडेल, उरलेलं मळायचं. आम्ही हे गरिबीचं आणि सादगीचं उदाहरण म्हणून मुलांना सांगत आलो. कोंडा त्यात राहायचा, हे डोक्यात आलं ते खोक्यांची लेबलं वाचून झाल्यावर.

जवात शंभर ग्रॅमला पंधरा ग्रॅमच्या वर फायबर असतं, ओट्सपेक्षा जास्त. आणि ओट्समध्ये असतो तोच चिकट, विरघळणारा प्रकारही त्यात असतो, ज्याच्यामुळे लापशी घट्ट होते आणि साखर रक्तात सावकाश जाते. किराणावाल्याकडे जव मागितले तर तो म्हणाला, "होमासाठी का?" शेवटी मिळाले. भाजून, भरड दळून आणले. सहरीला वाटीभर, खजुराच्या एका बीइतकीच गोडी. खरोखर आधार राहिला. पण सहरीच्या वेळी बाई उठलेलीच असते, चूल पेटलेलीच असते, आणि सगळं घर एकाच दस्तरखानावर असतं. ईद झाली, शव्वालचे रोजे झाले, आणि पुन्हा सहा वाजता तीन नाश्ते आणि सात दहाची घंटा. जवाचं पीठ डब्यात राहिलं. त्याला किडे झाले.

त्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "इत्ता कायकू ढूंडते? जवारी की रोटी क्या बुरी है?"

वाईट काहीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, त्यांत ज्वारीला शंभर ग्रॅममागे दहा ग्रॅम फायबर आहे, बाजरी-नाचणीला अकराच्या आसपास. पांढऱ्या तांदळाला तीनसुद्धा नाही आणि मैद्यालाही तेवढंच, म्हणजे पावालाही. नियमाप्रमाणे आमच्या सासूबाईंच्या भाकरीवर 'हाय फायबर' छापता येईल. मंगळवेढ्याची ज्वारी तर इथून तासा-दीड तासावर पिकते. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आमच्या अम्मींच्या पिढीने भाकरी सोडून पाव आणि पराठ्याला धरलं ते काही अज्ञानातून नाही. घरी पाहुणा आला की भाकरीची टोपली पडद्याआड जायची, हे आम्ही पाहिलेलं आहे. भाकरी म्हणजे गिरणीच्या चाळीतलं, दुष्काळातलं खाणं. पराठा म्हणजे नोकरी लागली. डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून आता उलटं फिरायचं, तर जिभेआधी मान आड येते.

आणि दुसरी अडचण मानापेक्षा मोठी. भाकरी थापायला वेळ लागतो आणि हात लागतो. ज्वारीचं पीठ जुनं झालं की वळत नाही, म्हणून थोडं थोडं दळून आणायचं. आधण, मळणं, थापणं, तव्यावर पाणी फिरवणं. पाच माणसांच्या भाकऱ्या म्हणजे पाऊण तास. सासूबाईंसाठी एक होते तीच मुश्किलीने. ओट्स तीन मिनिटांत होतात. खोक्यावर ठळक अक्षरांत फायबर लिहिलेलं असतं, पण आम्ही ज्याचे पैसे देत होतो तो तो पाऊण तास होता. हे कळल्यावर खोक्यांवरचा आमचा राग बराच उतरला. नोकरी करणाऱ्या बाईने साधे, काहीही न मिसळलेले ओट्स आणून ठेवले तर तिला नावं ठेवू नयेत, असं आमचं मत झालं. फक्त मसाल्याची पाकिटं नकोत, त्यांत मीठ फार. आणि चॉकलेटचं काहीही नको. बडी आपांना हे पटलं नाही. त्या म्हणतात, वेळ बायकांनाच का कमी पडतो, ते आधी विचारा. विचारलं. चौघींपैकी एकीच्या घरी पोरांचे अब्बा आता स्वतःचं अंडं स्वतः करतात. तव्याला चिकटवतात, पण करतात.

तोडगा निघाला तो आमच्याच गावात, आणि आम्हाला तो आधी सुचला नाही याची अजून लाज वाटते. सोलापूरची कडक भाकरी. पातळ, पापडासारखी, ज्वारीची किंवा बाजरीची, भाजून इतकी वाळवलेली की पंधरा दिवस, महिनासुद्धा टिकते. लोक ती शेंगाचटणीबरोबर खातात, प्रवासात नेतात, पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना बांधून देतात. आमटीत, सालनात कुस्करतात. ती दुधात मोडून घातली की काय झालं? फ्लेक्स झाले. साखर नाही, पाक नाही, मक्याच्या पापडीसारखी लगेच लगदाही होत नाही. एका सकाळी स्टाफरूममध्ये चौघींनी खाल्ली, वर थोडे भाजलेले शेंगदाणे आणि अर्धं केळं. तराजू आम्ही अजून परत केला नव्हता. दोन भाकऱ्या साठ ग्रॅम भरल्या. म्हणजे फायबर पाच-सहा ग्रॅम. दिवसाला पंचवीस ते तीस ग्रॅम लागतं, त्यातला पाचवा हिस्सा पहिल्या तासाआधीच. बाकीचं दुपारी डाळीतून, मटकीतून, भाजीतून यायला हवं. ते नाही आलं तर कुठलाच नाश्ता पुरा पडत नाही.

आमच्यातल्या त्या एकीचं वजन दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ७२ वरून साडेअडुसष्टवर आलं. साखर ५.८. अजून उंबरठ्यावरच, पण आतल्या बाजूला वळलेली. कडक भाकरीमुळे का? तिला तसं सांगायला आवडतं. आम्हाला वाटतं की पोरांच्या ताटातलं उरलेलं ती आता मांजराला घालते, खारीचा डबा टेबलावरून गेला, चहातला एक चमचा गेला, आणि शाळेतून ती चालत घरी जाते. त्यात भाकरीचाही वाटा आहे. बाथरूमची किल्ली आता आमच्या टेबलाच्या खणात असते. ती मिळवायला दोन अर्ज लागले.

भाकऱ्या आम्ही एका मावशींकडून आणतो. त्यांच्या घरी तीन चुली आहेत, आणि त्या पहाटे चार वाजल्यापासून थापायला बसतात, सून आणि शेजारची एक बाई मिळून. आमचा पाऊण तास आता त्यांच्याकडे गेलाय, हे तिथे उभं राहिलं की धुरासकट दिसतं. ओट्सच्या खोक्यामागे असा कुणाचा हात दिसत नाही एवढंच. मध्ये सुट्टीच्या दिवशी चौघी गेलो होतो. उर्दूवालीला सवयीप्रमाणे प्रश्न विचारायची हौस. म्हणाली, "मावशी, तुम्ही सकाळी काय खाता?"

"आमचं काय बाई, चहा-खारी. भाकरी थापताना खायला हात कुठं मोकळा असतोय?"

आम्ही वीस भाकऱ्या मागितल्या. कशासाठी हव्यात, ते त्यांनी विचारलं, आणि दुधात मोडून खातो म्हटल्यावर सुनेकडे बघून हसल्या. मग कोपऱ्यातल्या पाटीतून तुकड्यांची एक पिशवी उचलून आमच्यापुढे ठेवली. "मोडायच्याच हैत तर अख्ख्या कशाला घेताय? ह्या न्या. निम्म्या पैशात देते."

आता तुकडेच नेतो. वजन करून, किलोवर.